एप्रिलचा शेवटचा शुक्रवार : एका चाहतीच्या उत्साहाचा प्रकरण अभ्यास

२६ एप्रिल २०१९ रोजी, शुक्रवारी, सकाळी सव्वासहाच्या खेळाला मी माझ्या वीस वर्षांच्या भाचीबरोबर पुण्यातील एका मल्टिप्लेक्समध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ हा चित्रपट पाहिला. प्रस्तुत प्रकरण त्या एका सकाळचे आहे. सभागृह काठोकाठ भरलेले होते; मान वर करून बघाव्या लागणाऱ्या पहिल्या रांगेतल्या जागाही गेलेल्या होत्या. त्या तीन तासांत शेजारी बसलेल्या मुलीच्या वागण्यात मला जे दिसले, ते ‘तरुण पोरांचे वेड’ एवढ्या शब्दांत बसणारे नव्हते. प्रेक्षकांविषयीची टिपणे मी बऱ्याच वर्षांपासून ठेवत आलो आहे; परंतु एखाद्या प्रेक्षकाचा उत्साह नेमका कशाचा बनलेला असतो, हे त्याच्या तयारीसह आणि त्यामागच्या सात वर्षांसह इतक्या जवळून पाहण्याची संधी मला आधी कधी मिळाली नव्हती. भाचीला विचारून, तिचे नाव न देता, मी ते येथे नोंदवीत आहे.

मला पडलेला प्रश्न साधा होता. या मुलीची दुसऱ्या वर्षाच्या अभियांत्रिकीची सत्र परीक्षा महिन्यावर आली होती. ती पहाटे साडेचारला उठून, अंघोळ करून, माझ्या आधी तयार होऊन दारात उभी होती. एरवी तिला सात वाजता उठवायचे म्हणजे घरात तीन हाका माराव्या लागतात. तिला पडद्यावर काय दिसणार होते, याचा निम्मा अंदाज तिला होताच. मग ती नेमके काय मिळवायला निघाली होती?

सुट्टीतली रीत

या प्रकरणाची सुरुवात २०१२ च्या उन्हाळ्यात होते. माझी थोरली बहीण साताऱ्याला असते आणि तिच्या मुलांनी वार्षिक परीक्षा संपली की मामाकडे पुण्याला यायचे, ही आमच्या घरातली जुनी रीत आहे. त्या वर्षी भाची सातवीची परीक्षा देऊन आली होती. १ मे रोजी निकाल लागणार होता आणि तोवर तिला मोकळीक होती. ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ हा सुपरहिरोंच्या एका संघावरचा पहिला चित्रपट, म्हणजे पहिला संघपट, भारतात २७ एप्रिल २०१२ रोजी, म्हणजे खुद्द अमेरिकेतल्या प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी लागला. मी तिला एका पडद्याच्या जुन्या चित्रपटगृहात नेले आणि आम्ही तो हिंदीत पाहिला.

आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका, थॉर, हल्क, ब्लॅक विडो आणि हॉकआय असे सहा जण न्यू यॉर्कच्या उद्ध्वस्त रस्त्यावर एकमेकांना पाठ लावून गोलात उभे राहतात आणि कॅमेरा त्यांच्याभोवती सावकाश फिरतो, असे एक दृश्य त्या चित्रपटात आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीने जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर एक वर्तुळ काढले, त्यावर सहा ठिपके दिले आणि कोण कोणाच्या शेजारी उभा होता याची नावे लिहिली. दोन नावांची तिला खात्री नव्हती, म्हणून ती मला विचारायला आली. मला एकही सांगता आले नाही.

पुढचे तीन संघपट २४ एप्रिल २०१५, २७ एप्रिल २०१८ आणि २६ एप्रिल २०१९ रोजी भारतात आले. हे चारही दिवस एप्रिलमधले शेवटचे शुक्रवार आहेत. अमेरिकेत हा काळ उन्हाळी चित्रपटांच्या हंगामाचे तोंड मानला जातो, आणि भारतातल्या तारखांमागेही व्यवसायाची गणिते असणारच. साताऱ्याहून पुण्याला येणाऱ्या एका मुलीच्या बाबतीत मात्र त्या तारखा परीक्षा संपण्याशी, आंब्याच्या पेटीशी आणि मामाच्या घराशी जोडल्या गेल्या. २०१५ मध्ये ती दहावीची परीक्षा देऊन आली होती, २०१८ मध्ये अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला पुण्यातच वसतिगृहात राहत होती. चित्रपटांची मालिका आणि तिचे वाढणे एकाच दिनदर्शिकेवर चालले होते. चाहत्याच्या उत्साहाचा विचार करताना त्याच्या आयुष्यातल्या या तारखा सोडून केवळ चित्रपटाकडे पाहिले, तर निम्मे कारण हातातून निसटते, असे मला वाटते.

तारण ठेवलेली माणसे

ही मालिका उभी कशी राहिली, हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण चाहत्यांच्या सवयीवर त्याचा थेट परिणाम झाला. हे चित्रपट काढणारी मार्व्हल ही मुळात कॉमिक्स छापणारी कंपनी. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी अ‍ॅव्हेंजर्सचा पहिला अंक १९६३ मध्ये काढला. १९९६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. त्या काळात स्पायडर-मॅन, एक्स-मेन यांसारख्या तिच्या सर्वांत लोकप्रिय पात्रांचे चित्रपटहक्क दुसऱ्या स्टुडिओंकडे गेले. २००५ मध्ये मार्व्हलने स्वतः चित्रपट काढायचे ठरवले आणि त्यासाठी मेरिल लिंच या वित्तसंस्थेकडून ५२.५ कोटी डॉलरची पतव्यवस्था घेतली, तेव्हा तारण म्हणून उरलेल्या दहा पात्रांचे चित्रपटहक्क ठेवले. चित्रपट पडले असते, तर कॅप्टन अमेरिकाही सावकाराकडे गेला असता.

म्हणजे ज्यांच्यासाठी जगभर रांगा लागल्या, ती बहुतांशी मागे राहिलेली, सर्वसामान्य प्रेक्षकाला अनोळखी असलेली पात्रे होती. ती एकेकटी सामर्थ्यवान नव्हती, म्हणून त्यांना एकमेकांत गुंफण्याची युक्ती केली गेली. २००८ च्या ‘आयर्न मॅन’मध्ये श्रेयनामावली संपल्यावर एक माणूस अंधारातून येतो आणि अशा एका संघाचा नुसता उल्लेख करून थांबतो. तेव्हापासून प्रेक्षकाला नावांची यादी संपेपर्यंत बसून राहण्याची आणि आज पाहिलेले पुढच्या वर्षासाठी ध्यानात ठेवण्याची सवय लागली. ‘एंडगेम’ हा या साखळीतला बाविसावा चित्रपट.

वही आणि मौन

आधीच्या वर्षीच्या ‘इन्फिनिटी वॉर’च्या शेवटी थॅनॉस हा खलनायक सहा अद्भुत मण्यांच्या बळावर चुटकी वाजवतो, सृष्टीतले निम्मे जीव राख होऊन उडून जातात आणि चित्रपट तिथेच संपतो. त्या दिवशी परतताना भाची स्कूटरवर माझ्या मागे बसून घरापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. पुढचे वर्षभर तिचा जीव टांगणीला लागला होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. परंतु ते वर्ष तिने नुसते वाट बघण्यात घालवले नाही. मार्च संपता संपता तिने आधीच्या एकवीस चित्रपटांपैकी आपल्याला लागणारे निवडून पुन्हा पाहायला घेतले आणि दोनशे पानी वहीत टिपणे काढली.

ती वही मी पाहिली आहे. मधल्या एका पानावर पट्टीने आखलेला तक्ता आहे. उभ्या रांगेत सहा मणी आहेत, आडव्या रांगेत वर्षे, आणि प्रत्येक चौकटीत त्या वर्षी तो मणी कोठे आणि कोणाकडे होता याची नोंद आहे. २०१२ च्या रकान्यात निळ्या शाईने तीन चौकटींभोवती एकच रेघ ओढलेली आहे आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिले आहे, ‘तिन्ही न्यू यॉर्कमध्येच!’ त्यातली दोन ठिकाणे २०१२ च्या चित्रपटातच दिसतात. तिसऱ्याचा पत्ता २०१६ च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’वरून जुळवावा लागतो. ते तिने जुळवले होते. अभियांत्रिकीची विद्यार्थिनी जी चिकाटी परिपथाच्या आकृतीवर खर्च करते, तीच या पानावर दिसते, आणि मला त्यात वाया गेलेला वेळ दिसत नाही.

एप्रिलच्या मध्याला चित्रपटातली काही चोरटी दृश्ये बाहेर फुटली. दिग्दर्शक बंधू अँथनी आणि जो रुसो यांनी चाहत्यांना उद्देशून पत्र काढले आणि ज्यांनी चित्रपट पाहिला असेल त्यांनी इतरांसाठी तो उघड करू नये, अशी विनंती केली. भाचीने त्या दिवसापासून महाविद्यालयाच्या तिन्ही व्हॉट्सअ‍ॅप गटांतून स्वतःला बाहेर काढले. २३ तारखेला लोकसभेचे मतदान होते. ती आयुष्यातले पहिले मत देण्यासाठी साताऱ्याला गेली आणि एसटीच्या परतीच्या प्रवासात, मागच्या बाकावरची मुले काहीतरी बोलतील या भीतीने, कानांत बोळे घालून बसली. ‘मामा, मला कुणी काही सांगितलं तर मी रडेन,’ असे तिने मला फोनवर अगदी गंभीरपणे सांगितले होते.

तिकिटांची कथा फार लांबवीत नाही. आगाऊ विक्री खुली झाली, तेव्हा देशभरात साधारण एका दिवसात दहा लाख तिकिटे विकली गेल्याच्या बातम्या आल्या, आणि काही शहरांत चित्रपटगृहे चोवीस तास चालू ठेवली गेली. आमच्या बाबतीत पहिल्या प्रयत्नात पैसे गेले आणि तिकीट आले नाही. ते पैसे आठ दिवसांनी परत मिळाले. दुसऱ्या प्रयत्नात मागून चौथ्या रांगेतल्या दोन जागा मिळाल्या. दोन्ही तिकिटांचे पैसे तिने स्वतःच्या साठवणीतून दिले आणि माझ्याकडून घेण्यास ठाम नकार दिला. २०१२ मध्ये मी तिला नेले होते. या वेळी ती मला नेत होती.

सभागृहात

सव्वासहाच्या खेळासाठी साडेपाचला गर्दी होती. रात्रपाळी संपवून गळ्यात ओळखपत्रासह थेट आलेले नोकरदार होते, शाळकरी मुलांना घेऊन आलेले वडील होते, ढाल छापलेले टी-शर्ट घातलेला एक मोठा घोळका होता. भाचीच्या डाव्या तर्जनीवर मतदानाची शाई अजून काळी होती आणि त्याच हातात तिने थ्रीडी चष्मा गच्च धरला होता. पिशवीत ती वही होती. वही कशासाठी आणली, असे विचारल्यावर ‘असू दे,’ एवढेच ती म्हणाली.

चित्रपट १८१ मिनिटांचा आहे. त्याच्या पहिल्या भागात लढाई जवळजवळ नाही. पराभव झालेला आहे, थॅनॉस पहिल्या अर्ध्या तासातच मारला जातो आणि त्याने काहीही साध्य होत नाही. मग पाच वर्षे उलटतात आणि उरलेली माणसे आपापल्या दुःखात कशी जगत आहेत, हे संथपणे दाखवले जाते. मी मुद्दाम मागे वळून पाहिले. एवढ्या भरलेल्या सभागृहात एकही फोन उजळलेला नव्हता. धडाकेबाज चित्रपटाला आलेला प्रेक्षक शोकाची पाऊण-एक तासाची आवर्तने इतक्या शांतपणे ऐकून घेतो, हे मला अनपेक्षित होते आणि त्या शांततेला मी उत्साहाचाच भाग मानतो. ज्यांनी वर्षभर तेच दुःख मनात वागवले होते, त्यांना ते पडद्यावर लवकर उरकून नको होते.

मध्यंतराआधी की नंतर, हे माझ्या टिपणात नाही, पण राख झालेल्यांना परत आणण्यासाठी नायक भूतकाळात जाऊन मणी आणण्याची योजना आखतात तेव्हा ब्लॅक विडोच्या लक्षात येते की योग्य वर्ष निवडले, तर तीन मणी एकट्या न्यू यॉर्कमध्येच सापडतील. भाचीने माझ्याकडे पाहिले नाही. तिने खाली वाकून पायाशी ठेवलेली पिशवी उचलली, मांडीवर घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. पुढची दहा मिनिटे ती तशीच बसली होती.

त्यानंतर २०१२ आले. तेच शहर, तोच रस्ता, पाठीला पाठ लावलेले तेच सहा जण आणि त्यांच्याभोवती फिरणारा तोच कॅमेरा. सभागृहात एक मोठा उद्गार उठला, पण तो आरोळीसारखा नव्हता. खूप दिवसांनी घरचे कोणी दारात दिसावे तसा होता. मला त्या क्षणी जुन्या वहीवरचे वर्तुळ आणि सहा ठिपके आठवले. चित्रपट स्वतःच्या इतिहासात परतत होता आणि प्रत्येक प्रेक्षक आपापल्या २०१२ मध्ये जात होता. पटकथाकार ख्रिस्तोफर मार्कस आणि स्टीफन मॅकफिली यांनी काळप्रवासाची ही योजना केवळ कथानक सोडवण्यासाठी वापरली असती, तर ती एक ठरावीक क्लृप्ती झाली असती. त्यांनी ती प्रेक्षकाच्या आठवणीचा मान राखण्यासाठी वापरली, आणि माझ्या मते या चित्रपटाचे सर्वांत मोठे यश तेच आहे.

केसभर हललेला हातोडा

या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा शेवटच्या लढाईतला आहे आणि तो समजण्यासाठी पुन्हा २०१५ मध्ये जावे लागते. त्या वर्षीच्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये एका मेजवानीचा प्रसंग आहे. थॉरचा हातोडा योग्य माणसालाच उचलता येतो, म्हणून सगळे गमतीने तो उचलून पाहतात आणि हरतात. कॅप्टन अमेरिका जोर लावतो, तेव्हा हातोडा केसभर हलतो, थॉरच्या चेहऱ्यावरचे हसू क्षणभर मावळते, आणि कॅप्टनला तो काही उचलता येत नाही. सगळे मिळून काही सेकंदांचे काम आहे. मला ते तेव्हा दिसलेही नव्हते. सोळा वर्षांची भाची मात्र अंधारात माझा दंड धरून म्हणाली होती, ‘मामा, हलला!’ मी तेव्हा ‘हो का?’ म्हणून पुढे पाहू लागलो होतो.

चार वर्षांनंतर थॉर जमिनीवर पडलेला आहे, थॅनॉस त्याच्या छातीवर शस्त्र दाबतो आहे आणि मागे पडलेला हातोडा आपोआप उचलला जातो. तो कॅप्टनच्या हातात येतो. त्या वेळी सभागृहात जे झाले, त्याचे वर्णन मी टिपणवहीत ‘छप्पर’ एवढ्या एका शब्दात केलेले आहे. ओळखपत्रवाले नोकरदार उभे राहिले होते. समोरच्या रांगेतल्या एका वडिलांनी मुलाला खांद्यावर घेतले होते. शिट्ट्या इतक्या होत्या की पुढचे संवाद गेले.

भाची ओरडली नाही. दोन्ही हात तोंडावर दाबून ती बसली होती आणि थोड्या वेळाने, गोंधळ जरा ओसरल्यावर, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘हलला होता ना?’

त्या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. सभागृहातल्या शिट्ट्या हातोडा उचलण्याला होत्या, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल. पण त्या चार वर्षांपूर्वीच्या केसभर हालचालीला होत्या. ज्याने ती टिपली होती, तिच्यावर विश्वास ठेवला होता, मित्रांशी वाद घातला होता, त्याला आज सर्वांसमक्ष उत्तर मिळाले होते. बारकाईने पाहिलेले फुकट गेले नाही, ही भावना माणसाला किती आनंद देते, हे मी त्या सकाळी पाहिले. आणि तो आनंद घरी एकट्याने मिळत नाही. आपल्यासारखेच आणखी तीनशे जण ती खूण मनात बाळगून होते, हे कळण्यासाठी त्या तीनशे जणांमध्येच बसावे लागते.

पुढे राखेतून परत आलेले सगळे योद्धे तेजस्वी वर्तुळांतून बाहेर पडू लागतात, तेव्हा अ‍ॅलन सिल्व्हेस्ट्री यांनी २०१२ मध्ये रचलेली संघाची धून पुन्हा उठते. भाचीची शाई लावलेली तर्जनी खुर्चीच्या हातावर त्या धुनीचा ठेका धरत होती. मग कॅप्टन ‘अ‍ॅव्हेंजर्स, असेंबल!’ अशी संघाला एकत्र येण्याची हाक देतो. कॉमिक्समध्ये ही हाक १९६० च्या दशकापासून आहे. चित्रपटांत मात्र ती कधीही पूर्ण उच्चारली गेली नव्हती. २०१५ च्या चित्रपटाच्या अखेरीस कॅप्टन पहिला शब्द उच्चारतो आणि पडदा काळा होतो. इतकी वर्षे राखून ठेवलेला तो दुसरा शब्द त्याने येथे मोठ्याने न म्हणता खालच्या आवाजात म्हटला आहे, आणि आमच्या खेळाला तो कोणालाच ऐकू आला नाही. भाचीने तो ओठांवरून ओळखला.

आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला आवडलेल्या पदासाठी ‘वन्स मोअर’ मागण्याचा अधिकार होता आणि नट तो मान ठेवून पद पुन्हा गात असे. चित्रपटाला ते शक्य नाही. चाहते तोच चित्रपट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा का पाहतात, याचे एक उत्तर मला त्या हरवलेल्या शब्दात सापडले.

उणे बाजू

हे सर्व मांडताना दोन गोष्टी झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पहिली भाचीच्याच तोंडची आहे. आयर्न मॅन प्राण देतो आणि त्याच्या अंत्यविधीला सगळा परिवार तळ्याकाठी उभा राहतो. परंतु त्याआधी संघासाठी कड्यावरून स्वतःला झोकून देणाऱ्या ब्लॅक विडोला असा निरोप मिळत नाही. तिचे सहकारी तळ्याच्या काठावर काही क्षण शोक करतात आणि कथा पुढे जाते. ‘पहिल्या सहांतली ती एकटी मुलगी होती, मामा,’ असे भाची खेळानंतर म्हणाली, आणि तिचा आवाज त्या वेळी आनंदी नव्हता. चाहता आंधळा असतो, या समजुतीला हे वाक्य पुरेसे उत्तर आहे. ज्याने सर्वाधिक प्रेम केले, त्यालाच ही उणीव सर्वांत आधी टोचली.

दुसरी गोष्ट मोठी आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये थोर दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी मार्व्हलचे चित्रपट आपल्या दृष्टीने सिनेमा नव्हेत असे म्हटले आणि त्यांची तुलना मनोरंजन-उद्यानांशी केली. पुढे लिहिलेल्या लेखात त्यांनी या चित्रपटांत धोका पत्करलेला नसतो, अनपेक्षित असे काही उलगडत नाही, आणि त्यांच्या गर्दीत इतर चित्रपटांना पडदे मिळत नाहीत, अशी काळजी व्यक्त केली. पडद्यांबद्दलची त्यांची काळजी मला पूर्णपणे पटते. ‘एंडगेम’ भारतात सुमारे २,८०० पडद्यांवर लागला आणि पहिल्याच दिवशी त्याने सुमारे ५३ कोटी रुपयांची निव्वळ कमाई केली. त्या आठवड्यात एखाद्या लहान मराठी चित्रपटाच्या निर्मात्याला सायंकाळचा खेळ मागण्याची सोय उरली नव्हती, हे उघड आहे. याच संदर्भात आणखी एक खंत नोंदवतो. चित्रपट इंग्रजीसोबत हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला, मराठीत आला नाही. साताऱ्याच्या सात वर्षांच्या मुलाला आपला लाडका नायक आपल्या भाषेत बोलताना ऐकू यावा, ही अपेक्षा फार मोठी नाही, आणि ती पुरी व्हायला हवी होती असे मला मनापासून वाटते.

परंतु धोका नसतो, या म्हणण्याशी मी या प्रकरणापुरता तरी असहमत आहे. मनोरंजन-उद्यानातल्या पाळण्यात बसणाऱ्याला आधीच्या फेरीचे काही लक्षात ठेवावे लागत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने सात वर्षांची आठवण, एक वही आणि एक अढळ समजूत घेऊन त्या खुर्चीत स्वतःला पणाला लावले होते. तिचा अंदाज चुकला असता, हातोडा हललाच नव्हता असे ठरले असते, तर तिचे काहीतरी खरोखर हरवले असते.

रविवार

श्रेयनामावलीत पहिल्या सहा कलावंतांच्या हस्ताक्षरातील सह्या एकेक करून उमटल्या, तेव्हा लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. नंतर काही दृश्य असेल म्हणून सगळे बसून राहिले. दृश्य नव्हते. अगदी शेवटी, काळ्या पडद्यावर, लोखंडावर घण पडल्याचे काही ठोके ऐकू आले आणि दिवे लागले. बरेच लोक एकमेकांकडे पाहू लागले. भाचीने चष्मा काढला, डोळे पुसले आणि मला काहीही न सांगता उठली. बाहेर पडताना जिन्यावर पुढच्या खेळाची रांग उभी होती. आमच्या घोळक्यातल्या एकानेही त्यांच्यादेखत ब्र काढला नाही. एका मुलाने तोंडावर बोट ठेवले आणि रांगेतल्या अनोळखी मुलांनी त्याला हात उंचावून दाद दिली.

नाश्त्याला पोहे आल्यावर तिने फोन चालू केला. साताऱ्याहून तिच्या धाकट्या भावाचे अकरा मेसेज आले होते. तो तेरा वर्षांचा होता आणि त्याची परीक्षा आदल्याच दिवशी संपली होती. तिने त्याला फोन लावला आणि त्याने ‘ताई, सांग ना, कोण मरतं?’ असे विचारताच म्हणाली, ‘एक शब्द सांगणार नाही. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने ये. रविवारची तिकिटं काढते.’

रविवारी आम्ही तिघे गेलो. त्या खेळाला गर्दी होती, पण आरडाओरडा कमी होता, आणि कॅप्टनचा तो हलकेच उच्चारलेला शब्द या वेळी स्पष्ट ऐकू आला. श्रेयनामावली सुरू झाल्यावर भाचा उठू लागला, तेव्हा तिने त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला खाली बसवले. सफाईचे कर्मचारी आत आले, सभागृह रिकामे झाले, आम्ही बसून होतो. मग ते घणाचे ठोके पडले.

‘हा कसला आवाज?’ त्याने विचारले.

‘गुहेतला,’ ती म्हणाली. ‘त्यासाठी आधी २००८ चा बघायला लागेल.’

सोमवारी तिला प्रात्यक्षिकाची जर्नल सादर करायची होती आणि तिची चार पाने अजून कोरी होती. रात्री साडेदहाला माझ्या बैठकीच्या खोलीत तिने लॅपटॉप टीव्हीला जोडला, भावासाठी उशी ओढून घेतली, दिवा घालवला आणि ‘आयर्न मॅन’ सुरू केला.